पाड्यावरचा पडदा : जुन्या लॅपटॉपच्या पडद्याला बोर्ड कसा जोडावा



मागील अंकात मुरबाड तालुक्यातल्या एका ठाकूरवाडीच्या रात्रसभेचा फोटो छापला होता. फोटोच्या कोपऱ्यात, खाटेवर ठेवलेली एक लाकडी पेटी अनेकांच्या नजरेत भरली. डोंबिवलीच्या तरुण संघाने ती पेटी कशी बनवली असे विचारले. ठाण्याच्या एका भगिनींनी तर, "एवढी खटपट कशाला, आम्ही नवा प्रोजेक्टर घेऊन देतो," असा प्रेमळ निरोप पाठवला. दोघांनाही उत्तर देणे लागते, म्हणून या वेळचा अभ्यासपाठ त्या पेटीवर.

भगिनींचे म्हणणे आधी घेतो. लहान एलईडी प्रोजेक्टर आता बाजारात सहज मिळतात. ज्यांना मंडळीच्या सभागृहात फक्त चित्र दाखवायचे आहे, त्यांनी तोच विकत घ्यावा. पेटी बनवण्याच्या भानगडीत पडू नये. आमची गरज वेगळी होती. वाडीवर संध्याकाळी वीज असेलच असे नाही, म्हणून सगळे बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालायला हवे. बिघडले तर कल्याणला न आणता तिथेच उघडता यायला हवे. आणि आमच्या वसतिगृहातल्या मोठ्या मुलांना हाताने काहीतरी करायला हवे होते. या तीन कारणांनी आम्ही पेटीकडे वळलो. पैसे वाचले का, असे कोणी विचारले तर खरे सांगतो, फारसे नाही. का, ते पुढे येईलच.

कल्याणला हे काम करताना एक गोष्ट सारखी मनात यायची. याच गावात महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ मध्ये 'शांबरिक खरोलिका' नावाने पडद्यावरच्या चित्रांचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगवलेली चित्रे, मागे दिवा, पुढे भिंग, आणि सोबत कथा सांगणारा माणूस. मायावी शंबरासुराच्या नावावरून हे नाव ठेवले होते. वडिलांबरोबर मुलांनीही ते खेळ केले. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा, म्हणजे त्याच्या वीस वर्षे आधीची ही गोष्ट. मिशनरी लोकही त्या काळात असेच दिवे घेऊन खेडोपाडी फिरत. आमच्या पेटीत तेच आहे: दिवा, चित्र, भिंग. फरक इतकाच की काचेच्या चित्राच्या जागी जुन्या लॅपटॉपचा पडदा आहे, आणि त्याला चित्र पुरवायला एक बोर्ड लागतो.

लॅपटॉपचा एलसीडी पडदा स्वतः उजेड देत नाही. तो नुसती खिडकी आहे. तिच्यात लाखो बारीक दारे आहेत आणि वीज मिळेल तशी ती उघडतात, मिटतात. उजेड मागच्या दिव्याचा. म्हणून पडदा सोडवून मागचे पांढरे थर काढून टाकले आणि तिथे मोठा दिवा ठेवला, की चित्र भिंतीवर टाकता येते. ही खिडकी फार कंजूष मात्र आहे. आलेल्या उजेडाचा दहावा हिस्सासुद्धा ती पुढे जाऊ देत नाही. बाकीचा तिच्या अंगातच उष्णता होऊन राहतो, आणि तिथूनच निम्म्या अडचणी सुरू होतात.

पडदा हाती आला की पहिले काम म्हणजे त्याच्या पाठीवरचा नंबर वाचणे. लॅपटॉप कोणत्या कंपनीचा आहे याला अर्थ नाही, पडद्याचा नंबर महत्त्वाचा. आमच्याकडचा पडदा १५.४ इंची होता, १२८० गुणिले ८०० ठिपक्यांचा, तीस पिनांच्या जोडणीचा आणि ३.३ व्होल्टवर चालणारा. त्या काळच्या बहुतेक १५.४ इंची लॅपटॉप पडद्यांची हीच कुंडली असते, पण 'बहुतेक' या शब्दावर विसंबू नका. नंबरावरून त्या पडद्याचे माहितीपत्रक इंटरनेटवर मिळते. ते छापून भिंतीला लावा.

आता बोर्ड. मुंबईत ग्रँट रोडजवळ लॅमिंग्टन रोडवर असे बोर्ड मिळतात. टीव्ही दुरुस्तीवाले त्याला नुसते 'युनिव्हर्सल बोर्ड' म्हणतात. पेन ड्राइव्ह लावता येतो तोच घ्यावा, म्हणजे फोटो दाखवायला लॅपटॉप बरोबर न्यावा लागत नाही. दुकानदाराला पडद्याचा नंबर दाखवून त्यानुसार आतला प्रोग्रॅम भरून मागा आणि तीस पिनांची वायरही त्याच पडद्यासाठीची घ्या.

या बोर्डावर एक जंपर असतो, म्हणजे तीन-चार पिनांवर बसणारी नखाएवढी टोपी. ती कुठे बसवली आहे यावर पडद्याला ३.३ व्होल्ट जाणार, ५ जाणार की १२, हे ठरते. लॅपटॉपच्या पडद्याला ३.३ लागतात, काही मोठ्या टीव्ही पडद्यांना १२. माझ्या पहिल्या बोर्डावर ती टोपी १२ वर होती. मी पाहिले नाही. घाई होती, दुसऱ्या दिवशी वाडीवर जायचे होते, आणि मुलांपुढे आपल्याला सगळे येते असे दाखवायचेही होते. वायर लावली, बटण दाबले, पडद्याच्या कडेला एक बारीक रेघ चमकली आणि जळक्या प्लॅस्टिकचा वास आला. एका वयस्क सभासदांनी आपल्या मुलाचा जुना लॅपटॉप मोठ्या विश्वासाने दिला होता, त्याचा तो पडदा. त्यांच्या घरी जाऊन सांगितले तेव्हा ते म्हणाले, "पुढच्या वेळी मोजून घ्या." तेवढेच. मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: पडदा न लावता बोर्ड चालू करायचा आणि मल्टीमीटरने मोजायचे. बोर्डावरच्या तीस पिनांच्या जागी पिन एक ते तीन म्हणजे पडद्याची वीज आणि चार ते सहा म्हणजे ग्राउंड. एक नंबर पिनेजवळ लहान त्रिकोण किंवा ठिपका छापलेला असतो. मीटरची लाल काडी एकवर, काळी चारवर. इथे एक खोच आहे. बोर्डाला नुसती वीज दिली तर तो झोपलेला असतो आणि मीटर शून्य दाखवतो. बटणपट्टी जोडून पॉवरचे बटण दाबले की मगच खरा आकडा येतो. ३.३ च्या आसपास आकडा दिसला की बोर्ड बंद करा, वीज काढा आणि मगच पडदा जोडा. आमच्याकडे आकडा वाचणारा एक आणि वहीत लिहिणारा दुसरा असतो. स्वतःच वाचून स्वतःच 'बरोबर' म्हणणारा माणूस मी आहे, हे सगळ्यांना माहीत झाले आहे.

वायर उलटी बसली तरी तोच अनर्थ होतो, कारण वीज भलत्याच जागी जाते. बोर्डाच्या बाजूची टोपी काही वायरींत दोन्ही बाजूंनी बसते. लाल तारा एक नंबरच्या टोकाला आल्या का, एवढे पाहा, आणि शंका असली तर मीटरने टोकापासून टोकापर्यंत तपासा. त्या वायरीत तारांच्या जोड्या एकमेकींना पिळलेल्या असतात. त्या पिळाला अर्थ आहे: चित्राचे संकेत अशा जोडीतून जातात आणि बाहेरचा गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच पडून आपोआप वजा होतो. दिसायला नीट दिसावे म्हणून एका मुलाने सगळे पीळ सोडवून तारा सरळ केल्या होत्या. चित्रभर ठिणग्या नाचल्या. त्याला पुन्हा एकेक जोडी पिळत बसावे लागले.

चित्र आले पण माणसांचे चेहरे निगेटिव्हसारखे दिसले, तर बोर्ड बिघडलेला नसतो. संकेतांची मांडणी दोन प्रकारची असते आणि ती बोर्डाच्या आतल्या मेनूत बदलता येते. एकाच चित्राची दोन अर्धवट चित्रे किंवा उभे पट्टे दिसले तर दुकानदाराने भरलेला प्रोग्रॅम दुसऱ्याच पडद्याचा आहे. नुसता कोरा पांढरा पडदा दिसला तर बहुधा वायर नीट बसलेली नाही.

पडदा उघडताना दोन गोष्टी सांभाळा. जुन्या पडद्याच्या कडेला काडीएवढी नळी असते, तिच्यात थोडा पारा असतो. ती फोडू नका, कचऱ्यात टाकू नका. इलेक्ट्रॉनिक कचरा घेणाऱ्यांना द्या. आणि पडद्याच्या खाली दुमडलेली हिरवी पट्टी असते, ती सरळ करून बाजूला घ्यावी लागते, नाहीतर तिची सावली चित्रात येते. ती ज्या पातळ फितींनी चिकटलेली असते त्या फाटल्या तर दुरुस्ती नाही.

दिव्यासाठी आम्ही ५० वॉटचा एलईडी घेतला. त्याला बारा व्होल्टपेक्षा जास्त दाब लागतो, म्हणून बॅटरीचा दाब चढवणारा वेगळा ड्रायव्हर लागतो. बोर्डावर जुन्या दिव्यासाठी सहा पिनांची एक जागा असते. तिथे हा दिवा थेट लावू नका, त्या वाटेने एवढी वीज जाऊ शकत नाही. तिथली 'चालू' अशी खूण देणारी एकच तार घेऊन तिच्यावर रिले चालवा, म्हणजे बोर्ड बंद केला की दिवाही बंद होईल. सगळे मिळून बॅटरीतून साडेसहा अँपिअरच्या आसपास जातात. चाळीस अँपिअर-तासांची बॅटरी निम्मीच वापरायची म्हटले तर तीन तास मिळतात, आणि तीन तासांपेक्षा लांब सभा कोणालाच नको असते. बॅटरीच्या टोकाशी फ्यूज हवाच.

पंखा विसरू नका. पडदा तापला की मधोमध काळा डाग पसरतो आणि थंड झाला की बहुधा जातो. तो डाग म्हणजे इशारा आहे. आम्ही दिवा आणि पडदा यांच्यात साधी काच लावली आणि हवा काच व पडदा यांच्या फटीतून खेळवली.

भिंगांचे थोडक्यात: दिव्याच्या पुढे एक चपटे फ्रेनेल भिंग, पडद्याच्या पुढे दुसरे, आणि मग चित्र टाकणारे मोठे भिंग. ते तीस सेंटिमीटर नाभीय अंतराचे असेल तर ३३ सेंटिमीटर रुंदीच्या पडद्याचे सहा फूट रुंद चित्र साधारण दोन मीटरवर पडते, आणि पडदा त्या भिंगापासून साडेपस्तीस सेंटिमीटरवर ठेवावा लागतो.

भिंग चित्र उलटे करते हे शाळेत शिकलो होतो, म्हणून पडदा डोके खाली करून बसवला. चित्र सुलटे आले, पण अक्षरे आरशातल्यासारखी. डोके लावून शेवटी नियम सापडला: दिव्याच्या बाजूला उभे राहून पडद्याकडे पाहावे, अक्षरे डोके खाली दिसली पाहिजेत, पण आरशातल्यासारखी नाहीत. म्हणजे पडद्याचे तोंड दिव्याकडे आणि पाठ भिंगाकडे. काचेच्या चित्रांनाही हाच नियम होता, म्हणजे कल्याणकरांना हे सव्वाशे वर्षांपूर्वीच माहीत होते.

अक्षरांचा एवढा आग्रह का, ते आता सांगतो. त्या रात्री वाडीवर आम्ही गोष्टीचे चित्र दाखवत नव्हतो. वनहक्काच्या दाव्यांचे कागद दाखवत होतो. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या जमिनीवर आदिवासी कुटुंबाला दावा करता येतो, आणि त्या दाव्याची सुरुवात ग्रामसभेत होते. पण ग्रामसभेत कागद एका हातातून दुसऱ्या हातात जातो, वाचणारा एक असतो आणि बाकीचे मान डोलावतात. मोबाइलने प्रत्येक कागदाचे दोन तुकड्यांत फोटो काढून आम्ही पेन ड्राइव्हवर घातले आणि चादरीवर मोठे करून दाखवले. वाचायला वाडीतलीच दहावी झालेली मुलगी उभी राहिली. मी पेटीपाशी बसलो होतो, पंख्याच्या आवाजावर कान ठेवून.

सातव्या की आठव्या दाव्याचा हाताने काढलेला नकाशा आला तेव्हा मागून एक म्हातारी उठली आणि चादरीपर्यंत चालत आली. तिची सावली नकाशावर पडली. ती म्हणाली, "उंबर कुठं हाय?" तिच्या वावराच्या कडेला उंबर आहे, त्याच्या पलीकडे वरीचा तुकडा आहे. नकाशात हद्द उंबराच्या अलीकडेच संपत होती. तिचा अंगठा त्या कागदावर आधीच उमटलेला होता. कोणी मुद्दाम केले नसेल. कागद लहान होता, काढणारा दमलेला होता. वनहक्क समितीच्या लोकांनी त्या रात्री पुढचे अंगठे थांबवले. सकाळी दोरी घेऊन ते तिच्याबरोबर उंबरापर्यंत आणि पुढे चालत गेले, आणि नकाशा नव्याने काढून जोडला. दावा आता उपविभागीय समितीकडे आहे. पुढे जिल्हा समितीकडे जायचा आहे.

नव्या नकाशाचा फोटोही पेन ड्राइव्हवर आहे. पुढच्या सभेत तो पुन्हा चादरीवर लावायचे ठरले आहे, म्हातारीने तसे बजावले आहे.

आपल्या घरी बंद पडलेला, पण पडदा न फुटलेला १५ इंची लॅपटॉप असेल तर कृपया स्वतः उघडू नका. तसाच कल्याणच्या वसतिगृहात पोचवा. शनिवारी दुपारी मुले असतात. मीटर आता दोन आहेत.