ऐरण शिंगाचीच हवी का?

प्रश्न : निवृत्तीनंतर गावाकडच्या घरामागे पत्र्याची शेड टाकून लोहारकाम शिकायचा विचार आहे. खुरपी, विळे, दाराच्या कड्या, एवढंच. व्हिडिओत दिसते ती शिंगाची ऐरण फार महाग आहे. इथला भंगारवाला रुळाचा तुकडा देतो म्हणतो. चालेल का? आणखी कोणती हत्यारं लागतील आणि ती सांभाळायची कशी?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर : तुमच्या यादीतल्या कामांना शिंगाची ऐरण लागतच नाही. आपल्याकडच्या लोहारांनी फाळ, कुऱ्हाडी, कोयते घडवले ते ओंडक्यात नाहीतर जमिनीत रोवलेल्या साध्या चौकोनी ठोकळ्यावर. रस्त्याकडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाड्यांची ऐरण जवळ जाऊन पाहा. वरचं तोंड तळहाताएवढं, आणि त्यावर घरातली बाई उभ्याने घण घालत असते. कडी वळवायची असेल तर व्हाइसमध्ये जाड सळईचा तुकडा धरला की शिंगाचं काम भागतं.

ऐरणीत पाहायचं ते वजन आणि धातू. 10 सेंटिमीटर चौरस आणि 30 सेंटिमीटर उंच असा पोलादी ठोकळा साडेतेवीस किलो भरतो. घरगुती कामाला तो पुष्कळ झाला. स्वस्तात मिळणाऱ्या, छान रंगवलेल्या बऱ्याच ऐरणी मात्र बिडाच्या असतात. त्यांच्या तोंडाला खड्डे पडतात, कडा तुटतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. बेअरिंगमधली एक गोळी वीतभर उंचीवरून तोंडावर सोडा. चांगल्या पोलादावरून ती निम्म्याहून बरीच वर उसळते, बिडावर मरगळते. दुकानदाराची हरकत नसेल तर खालच्या बाजूला ग्राइंडर टेकवून बघा. पोलादाच्या ठिणग्या लांब, उजळ आणि टोकाला फुटणाऱ्या, तर बिडाच्या आखूड आणि तांबूस.

आता रुळाचा तुकडा. धातू म्हणून तो उत्तम. आपल्या रेल्वेत 60 किलोचा रूळ म्हणतात तो एका मीटरला 60 किलो भरतो, म्हणजे फूटभर तुकडा 18 किलोंचा. पण बहुतेक जण तो आडवा ठेवतात आणि तिथेच फसतात. आडव्या रुळाची मधली पट्टी पातळ असल्यामुळे तो घावासरशी थरथरतो आणि निम्मी मेहनत त्यातच जाते. तुकडा उभा रोवा, म्हणजे सगळं वजन घावाच्या थेट खाली येतं. वर येणारं तोंड लहान असतं खरं, पण हातोड्याचं तोंड तरी केवढं असतं?

भंगारवाल्याला पावती मागा, हे मात्र आवर्जून सांगतो. रेल्वेच्या मालमत्तेसाठी 1966 चा स्वतंत्र कायदा आहे. चोरीचा संशय यावा असा माल तुमच्याकडे सापडला, तर तो रीतसर मिळवल्याचं तुम्हालाच सिद्ध करावं लागतं. पहिल्याच गुन्ह्याला 5 वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पावती नसेल तर रूळ विसरा आणि ट्रकच्या ॲक्सलचा जाड तुकडा शोधा. तोही उभाच रोवायचा. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात खाली सोडला की मुठीची बोटं ऐरणीला टेकतील. उंची चुकली की आधी कंबर बोलू लागते.

पैसे खर्चायचे असतील तर ते हातोड्यावर खर्चा. सुरुवातीला 800 ग्रॅम ते 1 किलो वजनाचा पुरे. उत्साहाच्या भरात दोन किलोचा घेणारे आठवड्यात कोपर धरून बसतात. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात. त्या तशाच ठेवल्या तर गरम लोखंडावर प्रत्येक घावाला चंद्रकोरीसारखा व्रण उमटतो. म्हणून कडा घासून गोल करा आणि तोंडाला अगदी हलका फुगीरपणा द्या.

दांड्याची काळजी पोलादापेक्षा जास्त घ्यावी लागते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात लाकूड आकसतं आणि हातोडा डुगडुगतो. मग लोक तो रात्रभर बादलीत बुडवून ठेवतात. सकाळी घट्ट झालेला दिसतो, पण फुगलेले तंतू लोखंडाच्या भोकात चेंगरलेले असतात. वाळल्यावर दांडा आधीपेक्षा ढिला होतो आणि एक दिवस डोकं उडतं. त्यापेक्षा पाचर आणखी ठोका, तेवढ्याने भागलं नाही तर दांडा बदला. बाभळीचा दांडा चांगला टिकतो. त्यावरचं चकचकीत वार्निश खरवडून जवसाचं तेल चोळलं की हातावर फोड कमी येतात.

सांडशी शक्यतो स्वतः करा, शिकण्यासाठी त्याहून चांगला धडा नाही. ती साध्या मऊ लोखंडाचीच हवी. ‘मजबूत होईल’ म्हणून कमानपाट्याची केलीत, तर तापलेली सांडशी पाण्यात बुडवताच कडक होते आणि पुढे कधीतरी ताडकन मोडते. कमानपाटा विळ्या-कोयत्यासाठी राखून ठेवा. सांडशीचा जबडा पकडायच्या जिनसाला नेमका बसला पाहिजे, कारण सुटलेला लाल तुकडा कुठे जाईल ते सांगता येत नाही. चपट्यासाठी एक आणि गोल सळईसाठी एक, अशा दोन आधी करा.

छिन्नी आणि सुंबा यांची डोकी घाव खाऊन छत्रीसारखी पसरतात. ते दिसलं की त्याच दिवशी ग्राइंडरवर घासून टाका. त्या कडेची कपची गोळीच्या वेगाने सुटते. छिन्नीला पुन्हा पाणी द्यायचं असेल तर चुंबक जवळ ठेवा. साधारण 770 अंशांना पोलाद चुंबकाला चिकटायचं थांबतं. त्याहून जरा जास्त तापवून विझवायचं, मग टोक घासून पुन्हा हलकेच तापवायचं. जांभळट-निळी झाक आली की थांबा.

भट्टीसाठी जुना पंखा किंवा हाताने फिरवायचा ब्लोअर चालेल, भाता मिळाला तर भाग्य. मात्र जस्ताचा मुलामा दिलेला पाइप किंवा पत्रा आगीजवळ नको. जस्त 907 अंशांना उकळतं आणि तो धूर छातीत गेला की काही तासांनी थंडी वाजून ताप भरतो. पावसाळ्याआधी भट्टीतली राख पूर्ण उपसा. दगडी कोळशाच्या राखेत गंधक असतं, ओल लागली की ते लोखंडी पत्रा खातं. ऐरण, हातोडा आणि सांडश्या ब्रशने साफ करून तेलाचा पातळ हात फिरवा आणि सिमेंटच्या जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा.

प्रश्न : लोहार दोन घावांच्या मध्ये नुसत्याच ऐरणीवर हातोडा का टिपतो?
– एक वाचक, कुडाळ

उत्तर : समोर घणवाला असेल तर तो इशारा असतो. लहान हातोड्याने लोहार घाव कुठे घालायचा ते दाखवतो आणि ऐरणीवर टिपलं की घणवाला थांबतो. एकटा असताना जिन्नस उलटायला किंवा न्याहाळायला क्षणभर लागतो, तेवढ्यात हाताची लय मोडू नये म्हणून तो टिपतो. टिपणं हलकंच असतं. कोऱ्या ऐरणीवर पूर्ण जोराचा घाव कोणताही जाणता लोहार घालत नाही, कारण दोन्ही तोंडं कडक असल्याने कपची उडते. त्यामुळे चष्मा भट्टी पेटवण्याआधीच घालावा.