महाविद्यालयीन प्रवेश : वेळेचे महत्त्व

वाफसा साधला नाही, तर उत्तम बियाणेही वाया जाते, हा शेतकऱ्याचा अनुभव आहे. महाविद्यालयीन प्रवेशाचेही तसेच आहे. गुण मिळविणे हा प्रवेशाचा एक भाग झाला. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या कागदपत्रांसह उपस्थित राहणे हा दुसरा. ग्रामीण भागातील अनेक होतकरू विद्यार्थी पहिल्या कसोटीस उतरतात आणि दुसरीत मागे पडतात. म्हणूनच हा विषय केवळ विद्यार्थ्यांचा नसून शाळा, ग्रामपंचायत आणि महसूल कार्यालये यांचाही आहे.

वेळापत्रकाची आवश्यकता

प्रवेश लांबले की अध्यापन लांबते आणि उशिरा आलेला विद्यार्थी वर्षभर मागे राहतो. याच विचाराने सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली पार्श्वनाथ चॅरिटेबल ट्रस्ट प्रकरणात तंत्रशिक्षणाच्या प्रवेशांसाठी वेळापत्रक घालून दिले. पहिली फेरी ३० जूनपर्यंत, सत्रारंभ १ ऑगस्टला आणि रिक्त जागांवरील प्रवेशाची अंतिम मर्यादा १५ ऑगस्ट, असा तो क्रम होता. पुढे परिस्थितीनुसार तारखा बदलल्या; परंतु प्रवेशास निश्चित शेवट असावा, हे तत्त्व कायम राहिले.

महाराष्ट्रात २०२५-२६ या वर्षापासून अकरावीचे प्रवेश संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने होऊ लागले. तत्पूर्वी ही पद्धत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या महानगरी क्षेत्रांपुरती होती. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि पहिली निवडयादी २८ जूनला प्रसिद्ध झाली. म्हणजे निर्णयाची वाट पाहण्यात दीड महिना गेला. प्रत्यक्ष प्रवेश घेण्यास मात्र ३० जून ते ७ जुलै एवढाच अवधी होता. प्रतीक्षा दीर्घ आणि कृतीचा काळ अल्प, हे या पद्धतीचे वैशिष्ट्य ध्यानात घेतले पाहिजे.

पसंतीक्रमाचे बंधन

विद्यार्थ्याला एक ते दहा महाविद्यालयांचा पसंतीक्रम देता येतो. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक असते. तो न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांत संधी मिळत नाही. म्हणून एस. टी.ची सोय, वसतिगृह व शुल्क यांचा विचार अर्ज भरण्यापूर्वीच व्हावयास हवा. शेजारच्या मुलाने भरले म्हणून दूरच्या महाविद्यालयाचे नाव अग्रक्रमाने भरणे हे पुढे अडचणीचे ठरते.

विलंबाची किंमत

उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातल्या एका रोजंदारी मजुराच्या मुलाला २०२४ साली धनबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत जागा मिळाली. १७,५०० रुपये भरण्याची मुदत २४ जून रोजी सायंकाळी ५ वाजता संपणार होती. कुटुंबाने रक्कम जमविली ती अगदी शेवटच्या घटकेला. भरणा पूर्ण होण्यापूर्वीच मुदत संपली आणि जागा गेली. अखेर ३० सप्टेंबर रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपला विशेषाधिकार वापरून, अन्य कोणाचीही जागा न घेता, जादा जागेवर त्याला प्रवेश देण्याचा आदेश दिला. न्याय मिळाला, परंतु मधले तीन महिने त्या मुलाने वर्गाबाहेर काढले. शिवाय सर्वोच्च न्यायालयाची पायरी गाठणे प्रत्येक मजुराच्या मुलाला शक्य होईल, असे नाही.

स्थानिक पातळीवरील कर्तव्ये

निकालानंतर दाखल्यांसाठी धावपळ सुरू होते आणि त्याच वेळी सेतू केंद्रे व तहसील कार्यालयांत गर्दी उसळते. ती टाळण्याचा उपाय साधा आहे : निकालाची वाट न पाहता तयारी करणे. उत्पन्नाचा, अधिवासाचा आणि जातीचा दाखला परीक्षेपूर्वीच मिळविता येतो. उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याच्या दाखल्याची मुदत संपली नाही ना, हेही पाहावे. व्यावसायिक अभ्यासक्रमाकडे जाणाऱ्या विद्यार्थ्यांचे जात वैधतेचे अर्ज अकरावीतच महाविद्यालयामार्फत पाठविले, तर पडताळणी समितीस पुरेसा अवधी मिळतो. २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमाने अधिसूचित सेवा ठरावीक मुदतीत मिळण्याचा अधिकार नागरिकांना दिलेला आहे. त्याची माहिती पालकांना करून देणे हेही शिक्षकांचे काम ठरते.

मुख्याध्यापकांनी जानेवारीतच प्रत्येक विद्यार्थ्याच्या कागदपत्रांची यादी तपासावी. नाव व जन्मतारखेतील तफावत शाळा सोडण्यापूर्वी दुरुस्त व्हावी. ग्रामपंचायतीने प्रवेशाच्या तारखा सूचना फलकावर लावाव्यात आणि जेथे घरी संगणक वा खात्रीची जोडणी नाही, तेथे पंचायतीच्या संगणकावरून अर्ज भरण्याची सोय करावी. तलाठ्यांनी जून महिन्यातील आपल्या उपस्थितीचे दिवस आधी जाहीर केल्यास पालकांचा एक दिवसाचा रोजगार वाचेल.

या कामासाठी वेगळा निधी लागत नाही. लागते ती थोडी पूर्वतयारी. गुणवत्ता मुलाने सिद्ध केली असताना केवळ एका दाखल्यापायी त्याचे वर्ष वाया जाऊ नये, एवढी दक्षता प्रत्येक गावाला घेता येण्यासारखी आहे.