तक्ता चौथ्या रकान्यापासून वाच

सोनिवली, बदलापूर
आषाढ वद्य पंचमी

चि. बाळ यास काकांचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पावले. शवविच्छेदनाच्या दालनातील हकिकत तू प्रांजळपणे लिहिलीस, आणि 206 अस्थी, 600 हून अधिक स्नायू व त्यांतील प्रत्येकाचा उगम, निवेश, चेता व कार्य असा चार रकान्यांचा तक्ता रात्र रात्र जागून घोकला तरी सकाळी त्यातले निम्मे स्मरणात राहत नाही, अशी तक्रारही केलीस. तक्रार रास्त आहे; परंतु तिचा रोख तुझ्या स्मरणशक्तीवर नसून वाचण्याच्या क्रमावर असावा, असे आयुष्यभर हाच विषय शिकवून निवृत्त झालेल्या माझे मत आहे. तक्ता चौथ्या रकान्यापासून वाचीत जा. स्नायूला एकच गोष्ट करता येते, ती म्हणजे ओढणे. ढकलणे त्याच्या अधिकारात नाही. तो कोणत्या सांध्यावरून, कोणत्या बाजूने जातो हे एकदा ध्यानात आले की त्याचे कार्य स्वतःच्याच हातापायावर अजमावता येते, आणि कार्य कळले की उगम व निवेश कोठे असले पाहिजेत हे बहुधा तर्कानेच सांगता येते. चेतेचे नाव तेवढे पाठ करावे लागते. त्याला इलाज नाही.

मेजावर मिळणारे पांढरे, कोरडे हाड हा या विषयातील सर्वांत फसवा गुरू आहे. ते हाताळून अस्थी म्हणजे जड, निर्विकार वस्तू अशी समजूत होते; वस्तुतः जिवंत देहातील हाड रक्ताने ओलसर असते, त्यात अस्थिभक्षक पेशी जुना भाग अखंड पोखरीत असतात आणि अस्थिजनक पेशी त्या जागी नवा भाग घालीत असतात, इतके की प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा हिस्सा दर वर्षी नवा होतो. हे नूतनीकरण भाराच्या हुकुमाने चालते. ज्या दिशेने भार पडतो त्या दिशेस अनुसरून हाडाची अंतर्रचना बदलते, हा सिद्धांत जर्मन शल्यवैद्य युलिउस वोल्फ याने 1892 साली मांडला; आणि भार काढून घेतला की हाड झिजू लागते, याची प्रचीती पुढे अंतराळात महिनोन्‌महिने राहिलेल्या प्रवाशांनी दिली, कारण तेथे त्यांच्या खुब्याच्या हाडांची घनता महिन्याला एक ते दीड टक्का घटत असे. म्हणून सांगाडा हे माणसाच्या कष्टांचे दफ्तर समज, आणि ते वाचायला शीक.

वोल्फनंतर वर्षभरानेच, 1893 मध्ये, लाहोर येथे शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स याने पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर एक निबंध प्रसिद्ध केला. उकिडवे बसताना घोटा इतका दुमडतो की नडगीच्या खालच्या टोकाची पुढची कड टॅलस नावाच्या हाडाच्या मानेला टेकते. जन्मभर तसे बसणाऱ्यांत या टेकण्याच्या जागी दोन्ही हाडांवर लहान, गुळगुळीत पृष्ठे आढळतात, आणि खुर्चीवर वाढलेल्या युरोपियनांत ती क्वचित दिसतात. चुलीपुढे, विहिरीवर भांडी घासताना, मासळी साफ करताना आपल्याकडच्या बाया ज्या तऱ्हेने बसतात, तिचीच ही नोंद. उद्या दालनातील टॅलस उचलून त्याच्या मानेवरून बोट फिरव. मात्र निकाल देण्याची घाई करू नकोस; अशी पृष्ठे गर्भस्थ अर्भकांतही दिसून आली आहेत, तेव्हा दफ्तरातील प्रत्येक नोंद कष्टाचीच असते असे नाही.

या वाचनाचा वस्तुपाठ आपल्याच मुलखात आहे. पुणे जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी प्रभृती पुरातत्त्वज्ञांनी 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले, तेव्हा सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन शेतकऱ्यांची दोनशेहून अधिक दफने त्यांच्या घरांच्या जमिनीखाली व अंगणात मिळाली. लहान मुले दोन मडकी तोंडाला तोंड लावून त्यांत ठेवलेली. मोठी माणसे उताणी निजवलेली, परंतु बहुधा पावले घोट्यापाशी तोडलेली. मृताने भूत होऊन निघून जाऊ नये म्हणून ती तोडली असावीत असा तर्क करतात. तो तर्कच आहे. माझे लक्ष दुसरीकडेच जाते. घोट्यापासून पाऊल वेगळे करायचे तर बाहुबळापेक्षा सांध्याची फट व तेथील अस्थिबंध ठाऊक असणे अधिक उपयोगी पडते, आणि जनावरे कापून खाणाऱ्या त्या वस्तीला ही विद्या अवगत असणार, असे मला वाटते. ल्युकाक्स आणि वालिंबे यांनी या अस्थींवर व विशेषतः दातांवर लिहिलेला ग्रंथ तुमच्या ग्रंथालयात नसेल; मागणीचा अर्ज कर.

जुनी दफ्तरे झाली. चालू दफ्तर पाहायचे तर इकडे ये. सोनिवलीच्या चहूबाजूंनी इमारती उठत चालल्या आहेत, तरी उल्हास नदीच्या या खोऱ्यात उरलेल्या खाचरांतून सध्या लावणी चालू आहे. चिखलात रोपे लावणारी बाई कमरेतून वाकली आहे असे आपण म्हणतो, पण नीट पाहशील तर तिच्या वाकण्यात खुब्याचा वाटा फार मोठा असतो. धड खाली जाताना कण्यालगतचे उभे स्नायू त्याला सावरीत सावरीत लांब होत जातात. परंतु ती पुरती वाकली की हेच स्नायू जवळजवळ स्तब्ध होतात आणि धडाचा भार अस्थिबंधांवर व मणक्यांमधील चकत्यांवर येऊन पडतो. फ्लॉइड आणि सिल्व्हर या संशोधकांनी 1950 च्या दशकात स्नायूंतील विद्युत्‌स्पंदने मोजून हे दाखवून दिले. आता असे पाहा, की दीर्घकाळ ताणलेले अस्थिबंध सैल पडतात व पूर्ववत व्हायला वेळ घेतात. म्हणून बराच वेळ वाकून राहिल्यावर ताठ न होता तडक रोपांचा भारा उचलणाऱ्या बाईची कंबर धरली तर त्यात नवल काय? तिला व्यायामाचा छापील कागद देणाऱ्या वैद्याला हा शास्त्रार्थ निम्माच कळलेला असतो. मधूनमधून उभी राहा, आणि उचलण्याआधी थोडी ताठ थांब, एवढे सांगणारा वैद्य तिच्या उपयोगाचा. शिवाय चकत्यांच्या गाभ्याला आणि सांध्यांतील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात, त्यांचे पोषण दाब येण्याजाण्यावर अवलंबून असते. म्हणून एकाच स्थितीत फार काळ राहणे हे कोणत्याही सांध्याला मानवत नाही, मग ती स्थिती वाकण्याची असो वा मेजापाशी बसून तक्ता घोकण्याची.

उभे राहण्याचा कारभार बदलापूरच्या लोकलमध्ये पाहावा. मुंबईपर्यंत तासाहून अधिक काळ उभ्याने जाणाऱ्याच्या मांडीचे पुढचे स्नायू बव्हंशी स्वस्थ असतात, कारण भाररेषा गुडघ्याच्या पुढून जाते. जागता पहारा असतो तो पोटरीतील सोलिअसचा. पुरता सरळ होताना गुडघ्यात मांडीचे हाड नडगीवर किंचित आत वळते आणि सांधा घट्ट बसतो. तो सोडवण्याचा अंमल पॉप्लिटिअस या गुडघ्यामागे दडलेल्या चिमुकल्या स्नायूकडे असतो. परीक्षेत कोणी विचारणार नाही या भरवशावर विद्यार्थी त्याला गाळतात. मी नेमका तोच विचारीत असे.

सुश्रुताच्या शारीरस्थानात 300 अस्थी, 210 संधी आणि 500 पेशी (म्हणजे स्नायू) सांगितल्या आहेत, चरक 360 अस्थी मोजतो, आणि तुझ्या पुस्तकात 206 आहेत. यावरून तुझ्या सोबत्यांत वाद झाल्याचे तू लिहिलेस. मोजणीचे नियम निराळे होते: चरकाने दात, दातांच्या खोबण्या आणि नखेही जमेस धरली, सुश्रुताने दात व पुष्कळशी कूर्चा. पूर्वजांची थट्टा करण्याचे वा त्यांच्या नावे छाती फुगवण्याचे यात कारण नाही. शिकण्याजोगी आहे ती सुश्रुताची रीत: मृतदेह गवतात गुंडाळून पिंजऱ्यात घालावा, वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवावा, आणि मग हलके हलके घाशीत त्वचेपासून एकेक थर स्वतःच्या डोळ्यांनी पाहावा.

हाडवैद्यांविषयी तू जरा तुच्छतेने लिहिलेस, ते मला रुचले नाही. निखळलेला खांदा सफाईने बसवणारी माणसे मी पाहिली आहेत. परंतु मोडलेल्या हातावर बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या की रक्तपुरवठा खुंटतो, पुढच्या हाताचे स्नायू काही तासांतच मरू लागतात, आणि बोटे कायमची आखडतात. फोल्कमान याने 1881 मध्ये वर्णिलेली ही विकृती एकदा जडली की हाड जुळले तरी हात गेलेलाच असतो. पुढे एखादे मूल असे बांधून तुझ्यापुढे आणले, आणि बोटे सरळ करताना ते किंचाळले, तर आधी पट्टी काप; बाकीची विचारपूस मागाहून.

एक गोष्ट अभ्यासाबाहेरची. 1949 च्या शरीरशास्त्र कायद्यान्वये बेवारस मृतदेह महाविद्यालयांकडे सोपवता येतात, आणि तुझ्या मेजावरील मनुष्य बहुधा तसाच आला असेल, किंवा त्याने स्वेच्छेने देहदान केले असेल. तुला ते कोणी सांगणार नाही. त्याच्यासमोर थट्टामस्करी करू नकोस, आणि त्याच्या तळहातावरचे घट्टे पाहिल्याखेरीज त्या हाताला सुरी लावू नकोस.

पुढील पत्रात मला एवढे लिहून कळव: उकिडवा बसलेला माणूस हाताचा टेका न घेता उठतो तेव्हा खुबा, गुडघा आणि घोटा या तिन्ही सांध्यांवर कोणते स्नायू ओढतात, आणि त्यांत कोणता एकाच वेळी दोन सांध्यांवर राबतो. पुस्तक उघडण्यापूर्वी खोलीत जमिनीवर बसून, एक हात मांडीवर व दुसरा नितंबावर ठेवून, चारदोन वेळा उठून पाहा. दादांस व वहिनीस सा. नमस्कार.

तुझा
काका