हत्तींच्या घरी जाताना

(सुटीत प्राणी पाहायला जावे असे सर्वांनाच वाटते. पण कोठे जावे, हे कसे ठरवावे? महागावच्या एका कुटुंबाने ते कसे ठरवले, हे या पाठात सांगितले आहे.)

वार्षिक परीक्षा संपली. त्या रात्री अब्बा दुकान बंद करून घरी आले आणि म्हणाले, "या वर्षी आपण सगळे मिळून दोन-तीन दिवस कोठेतरी जाऊ. कोठे जायचे ते तुम्ही ठरवा."

"हत्ती पाहायला!" माझा धाकटा भाऊ लगेच ओरडला. घरात आम्ही त्याला छोटू म्हणतो. पहिलीच्या पुस्तकात 'ह हत्तीचा' शिकल्यापासून त्याला हत्तीचे वेड लागले होते. "मी हत्तीवर बसणार!" तो म्हणाला.

आपाने महाराष्ट्राचा नकाशा खाटेवर पसरला. अब्बांनी आमचे महागाव दाखवले. मग त्यांचे बोट वर सरकले. "हे अमरावती जिल्ह्यातले मेळघाट. तेथे सिपना नदीच्या काठी कोलकास आहे. वनखात्याचे हत्ती तेथे आहेत. हत्तीवरून जंगलात फेरी मारण्यासाठी ते ठिकाण पूर्वीपासून प्रसिद्ध आहे." मग त्यांचे बोट पूर्वेकडे पार टोकाला गेले. "आणि हे गडचिरोली जिल्ह्यातले कमलापूर. तेथे वनखात्याचा हत्ती कॅम्प आहे. पण हे ठिकाण फार लांब आहे."

"मग कोलकासलाच जाऊ. जवळही आहे आणि बसायलाही मिळेल," छोटू म्हणाला.

आम्ही सगळे हसलो. दादी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "एकदा भर उन्हाळ्यात आपल्या गावातून एक हत्ती गेला होता. नागपूर-तुळजापूर रस्त्याने लोक त्याला पैसे मागत फिरवत होते. डांबर असे तापले होते, की माणसाला चप्पल घालूनही चालवत नव्हते. तो हत्ती एक पाय उचलायचा, टेकवायचा, मग दुसरा उचलायचा. पायाला साखळी होती आणि साखळीखाली जखम होती. बाया मुलांना त्याच्या सोंडेखालून नेत होत्या, नाणी देत होत्या. मीही तुझ्या अब्बांना कडेवर घेऊन गेले होते. पाणी मात्र त्याला कोणी पाजले नाही. मीसुद्धा नाही." दादी थोडा वेळ थांबली. "तो मुका जीव. त्याची तहान त्याने कशी सांगावी? ती आपल्यालाच ओळखता यायला हवी होती."

घरात शांतता पसरली. छोटूने हळूच विचारले, "दादी, कोलकासचे हत्तीही तसेच असतात का?"

"ते मला काय ठाऊक? पण जाण्याआधी विचारून घ्यावे," दादी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या मराठीच्या सरांकडे गेलो. सर म्हणाले, "छान प्रश्न आणलास! आधी हत्ती समजून घे. मोठ्या हत्तीचे वजन तीन-चार हजार किलो असते. त्याला दिवसाला सुमारे दीडशे किलो चारा लागतो आणि शंभर लिटरहून अधिक पाणी लागते. माणसासारखा त्याला अंगभर घाम येत नाही. म्हणून तो कान हलवून अंग थंड करतो, अंगावर पाणी आणि चिखल उडवतो. त्याला सावली आणि पाणी मिळाले नाही, तर त्याचे हाल होतात. हत्ती कळपात राहणारा प्राणी आहे. एकटा ठेवला तर तो झुरतो. बांधून ठेवलेला हत्ती जागच्या जागी डोलत असतो. लोकांना वाटते, तो आनंदाने नाचतो आहे. खरे तर तो कंटाळलेला आणि दुःखी असतो."

"आणि पाठीवर बसले तर?" मी विचारले.

"हत्ती मोठा दिसतो, पण त्याची पाठ ओझ्यासाठी घडलेली नाही. त्याच्या कण्याची हाडे वरच्या बाजूला उभी असतात. लाकडी हौदा आणि त्यात चार माणसे घेऊन तो दिवसभर फिरला, तर त्याची पाठ सोलते. जंगलाची राखण करण्यासाठी एक माहूत हत्तीवर बसून जातो, ती गोष्ट वेगळी. फेऱ्यांमागून फेऱ्या मारणे वेगळे."

सरांनी मला वहीत चार प्रश्न लिहून दिले :

१. हत्ती किती वेळ साखळीने बांधलेला असतो? त्याला जंगलात मोकळे सोडतात का?
२. त्याला पाणी, सावली आणि पोटभर चारा मिळतो का?
३. त्याला किती काम करावे लागते? खेळ करून दाखवावे लागतात का?
४. त्याला इतर हत्तींची सोबत आहे का? आजारी पडला तर डॉक्टर येतात का?

"पाटीवर 'आश्रयस्थान' असे लिहिले म्हणजे ते आश्रयस्थान होत नाही," सर म्हणाले. "या चार प्रश्नांची उत्तरे चांगली असतील तरच तेथे जावे."

मग सरांनी एक खरी गोष्ट सांगितली. कोल्हापूर जिल्ह्यात 'सुंदर' नावाचा एक हत्ती होता. तो ज्योतिबा देवस्थानाला भेट म्हणून दिलेला होता. त्याला साखळीने बांधून ठेवत. त्याच्या अंगावर जखमा होत्या. प्राणिमित्रांनी न्यायालयात दाद मागितली. शेवटी २०१४ मध्ये न्यायालयाच्या आदेशाने सुंदरला कर्नाटकातील बन्नेरघट्टा येथे नेण्यात आले. तेथे त्याला जंगल, पाणी आणि इतर हत्तींची सोबत मिळाली.

निघताना सरांनी विचारले, "हत्तीला उर्दूत हाथी म्हणतात. आणखी काय म्हणतात?"

"फील!" मी म्हणालो. "कुरआनात 'अल-फील' नावाची एक सूरत आहे."

"शाबास! फारसीत 'पील' म्हणजे हत्ती. तोच शब्द मराठीत आला. शिवकाळात हत्ती ठेवण्याच्या जागेला पीलखाना म्हणत. म्हणजे तुझ्या आणि माझ्या भाषेतले हत्ती एकाच घरात बांधलेले आहेत!"

घरी येऊन मी ते प्रश्न वाचून दाखवले. अब्बांनी वनखात्याच्या कार्यालयात चौकशी केली. कमलापूरची माहिती ऐकून दादीचा चेहरा खुलला. पूर्वी हे हत्ती जंगलातील सागवानाचे लाकूड ओढत. आता ते काम राहिलेले नाही. संध्याकाळी त्यांना चरण्यासाठी जंगलात सोडतात आणि सकाळी माहूत त्यांना शोधून आणतात. थंडीच्या दिवसांत काही दिवस त्यांना पूर्ण रजा असते. तेव्हा औषधी वनस्पतींचा लेप गरम करून त्यांचे पाय शेकतात. त्याला 'चोपिंग' म्हणतात.

"हत्तींना रजा!" छोटू आश्चर्याने म्हणाला.

"मग आपण त्यांच्या रजेत जायचे नाही, आणि या उन्हातही नाही. दिवाळीच्या सुटीत जाऊ," अब्बा म्हणाले.

छोटूचे तोंड उतरले. हत्तीवर बसायचे राहिले आणि सुटीही लांबली. तो त्या रात्री कोणाशी बोलला नाही. सकाळी मात्र तो दादीजवळ जाऊन बसला. "दादी, त्या हत्तीचा पाय बरा झाला असेल का?" त्याने विचारले. दादीने त्याला जवळ घेतले. तिच्याकडे उत्तर नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आम्ही निघालो. यवतमाळ, वणी, चंद्रपूर करत आलापल्लीला पोहोचलो. तेथे मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उंच सागाच्या झाडांमधून जाणाऱ्या रस्त्याने कमलापूरला गेलो.

तळ्यात एक हत्तीण कुशीवर झोपली होती. माहूत दगडाने तिचे अंग घासत होता. ती मधूनच सोंड वर करून पाण्याचा फवारा उडवत होती. छोटूने घरून केळी आणली होती. तो पुढे धावला, तसे माहूतदादांनी हात वर केला.

"थांब बाळा, लांबूनच बघ. आणि बाहेरचे काही देऊ नकोस. तिचे जेवण ठरलेले आहे."

छोटू मागे आला. हातातल्या केळ्यांकडे पाहून त्याने त्यातले एक दादीला दिले आणि एक माहूतदादांना दिले.

माहूतदादा हसले. ते म्हणाले, "२०२२ मध्ये येथील काही हत्ती गुजरातला न्यायचे ठरत होते. तेव्हा या भागातल्या लोकांनी विरोध केला. हे हत्ती म्हणजे आमच्या गावची माणसे आहेत."

दादी खूप वेळ काठावर उभी होती. हत्तीण उठली, पोटभर पाणी प्यायली आणि कान हलवत झाडांच्या सावलीत गेली. तिच्या पायांकडे पाहत दादी म्हणाली, "चला, आज निदान एका हत्तीला पाणी पिताना पाहिले."

परतताना अब्बांनी विचारले, "काय छोटू, हत्तीवर बसायचे राहिले ना?"

छोटू म्हणाला, "राहू दे, अब्बा. तिलाही सुटी होती."

शब्दार्थ

मुका जीव – बोलू न शकणारा प्राणी
माहूत – हत्तीला सांभाळणारा माणूस, महावत
हौदा – हत्तीच्या पाठीवरील बसण्याची जागा
लेप – अंगाला लावायचे दाट औषध
आश्रयस्थान – सुरक्षित राहण्याची जागा

वाक्प्रचार

वेड लागणे – अतिशय आवड निर्माण होणे
हाल होणे – त्रास होणे
दाद मागणे – न्याय मागणे
तोंड उतरणे – निराश होणे

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कोलकास कोणत्या नदीच्या काठी आहे?
(आ) हत्ती आपले अंग कसे थंड करतो?
(इ) पीलखाना म्हणजे काय?

प्र. २. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) दादीने पाहिलेल्या हत्तीचे हाल कसे होत होते?
(आ) 'सुंदर' हत्तीला बन्नेरघट्टा येथे का नेले?
(इ) अब्बांनी उन्हाळ्यात जाणे का टाळले?

प्र. ३. कोण कोणास म्हणाले?
(अ) "पण जाण्याआधी विचारून घ्यावे."
(आ) "थांब बाळा, लांबूनच बघ."

प्र. ४. 'तिलाही सुटी होती,' असे छोटू का म्हणाला? तुमच्या शब्दांत सांगा.

प्र. ५. वरील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : 'खाना' हा शब्द शेवटी असलेले पाच मराठी शब्द शोधा. (उदा. दवाखाना) ते शब्द उर्दूतही आहेत का, ते घरी विचारा.