सरकारी निविदा : भरणाऱ्याचे हक्क आणि त्याची जबाबदारी

सरकारी रुग्णालयांना चादरी लागतात, शाळांना गणवेशाचे कापड लागते, पोलिसांना खाकी लागते. असा माल काढणारे माग भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर येथे हजारोंनी आहेत. तरीही आपले बरेच छोटे कारखानदार निविदेच्या वाटेला जात नाहीत. "तिथे सगळे आधीच ठरलेले असते" असे म्हणून सूचना बाजूला ठेवतात. काही ठिकाणी तसे घडतही असेल. परंतु कायदा काय सांगतो हे माहीत नसेल, तर खरोखर अन्याय झाला की आपलेच कागद कमी पडले, हेही कळत नाही. म्हणून या विषयाची थोडी ओळख करून घेऊ.

सरकार आणि खाजगी गिऱ्हाईक

बाजारातला शेठ आपला माल नाकारून शेजारच्याकडून महाग माल घेऊ शकतो. पैसा त्याचा, मर्जी त्याची. सरकारला अशी मोकळीक नाही. तिथला पैसा जनतेचा असतो आणि राज्यघटनेच्या कलम १४ प्रमाणे सरकारने सर्वांना समान वागणूक द्यावी लागते. हे बंधन खरेदी आणि ठेके देतानाही लागू आहे.

याचा सर्वात प्रसिद्ध निकाल मुंबईच्या विमानतळावरचा आहे. १९७७ मध्ये तेथील उपाहारगृह चालविण्यासाठी विमानतळ प्राधिकरणाने निविदा मागविल्या. अट अशी होती की, निविदा भरणारा दुसऱ्या वर्गाचा नोंदणीकृत हॉटेलवाला असावा आणि त्याला किमान पाच वर्षांचा अनुभव असावा. ठेका मात्र ज्याला मिळाला, त्याचा अनुभव कँटीन चालविण्याचा होता. रमणा दयाराम शेट्टी यांनी याला आव्हान दिले. सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्पष्ट सांगितले की, सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिने स्वतः पाळली पाहिजे. ती अट मोडून एकाला ठेका दिला, तर त्याच अटीमुळे घरी बसलेल्या इतरांची संधी हिरावली जाते.

पण निकालाचा दुसरा भाग आपण जास्त लक्षात ठेवावा. तत्त्व शेट्टींच्या बाजूने ठरले, तरी ठेका रद्द झाला नाही. निविदा मंजूर झाल्यावर पाच महिन्यांहून अधिक काळ गेल्यानंतर ते न्यायालयात आले होते. तोवर ठेकेदाराने खर्च करून बसला होता. शिवाय अर्जदाराचा त्या ठेक्यात स्वतःचा खरा हितसंबंध न्यायालयाला दिसला नाही. म्हणजे हक्क असूनही उशिरा येणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही.

कोणती अट मुख्य, कोणती दुय्यम

प्रत्येक चुकीने निविदा बाद होतेच असे नाही. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याच्या एका निविदेत बयाणा रक्कम रोख किंवा स्टेट बँकेच्या ड्राफ्टने भरावी अशी अट होती. एका कंपनीने युनियन बँकेचा, बँकेने प्रमाणित केलेला धनादेश जोडला. पोद्दार स्टील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ठरविले की, बयाणा भरणे ही मुख्य बाब. तो कोणत्या बँकेच्या कागदाने भरला ही दुय्यम. दुय्यम अटीत खरेदीदार संस्था सूट देऊ शकते.

मात्र सूट देणे हे त्या संस्थेच्या हातात आहे, ती आपण हक्काने मागू शकत नाही. म्हणून पन्हा, सुताचा नंबर, रीड-पीक, रंगाचा पक्केपणा, नमुना, बयाणा, मुदत यांत एका शब्दाचाही फरक ठेवू नये. शंका असेल तर निविदापूर्व बैठकीत किंवा लेखी विचारावी. निविदा उघडल्यावर अटीविरुद्ध तक्रार केली, तर "अट मान्य करूनच भाग घेतला होता" असे उत्तर मिळते.

न्यायालय कुठपर्यंत जाते

टाटा सेल्युलर प्रकरणात १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मर्यादा आखून दिली. कोणाचे कापड चांगले, कोणाचा भाव योग्य, हे न्यायालय ठरवीत नाही. निर्णय कोणत्या पद्धतीने घेतला, एवढेच ते तपासते. अटी मध्येच बदलल्या का? कोणा एकासाठी बेत रचला गेला का? निर्णय अगदीच अविचारी आहे का? २००६ च्या जगदीश मंडल प्रकरणात न्यायालयाने आणखी एक प्रश्न जोडला : यात सार्वजनिक हिताला बाधा येते का? तेव्हा केवळ "माझा भाव कमी होता" या आधारावर उच्च न्यायालयात जाऊ नये.

काळ्या यादीबाबत मात्र कायदा ठाम आहे. कोणाला काळ्या यादीत टाकण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकून घेतलेच पाहिजे, असा निकाल १९७४ च्या एरुसियन इक्विपमेंट प्रकरणात लागला. नोटीस आली तर घाबरून गप्प बसू नये. मुदतीत लेखी उत्तर द्यावे. गप्प बसणे महागात पडते.

तोंडी आदेशावर माल देऊ नये

आपल्या बाजारात जबानीवर लाखोंचा व्यवहार होतो. सरकारी व्यवहारात हा रिवाज चालत नाही. राज्यघटनेच्या कलम २९९ प्रमाणे केंद्राचा करार राष्ट्रपतींच्या आणि राज्याचा करार राज्यपालांच्या नावाने, अधिकृत अधिकाऱ्याच्या सहीने व्हावा लागतो. भिकराज जयपुरिया यांनी १९४३ मध्ये रेल्वेला धान्य पुरविले. आदेश लेखी होते, पण गव्हर्नर-जनरलच्या नावाने केलेले नव्हते. पुढे रेल्वेने उरलेला माल नाकारला, आणि नुकसानभरपाईचा त्यांचा दावा सर्वोच्च न्यायालयात १९६१ मध्ये फेटाळला गेला.

करार सदोष असला तरी सरकारने माल स्वीकारून वापरला असेल, तर करार कायद्याच्या कलम ७० खाली वाजवी मोबदला मागता येतो. बी. के. मंडल प्रकरणाने हे त्याच वर्षी मान्य केले. पण हा शेवटचा आधार आहे. त्याच्या भरवशावर धंदा करू नये.

लहान कारखानदारांच्या सवलती

केंद्राच्या २०१२ च्या खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व सार्वजनिक उपक्रमांनी खरेदीचा ठरावीक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. २०१८ मध्ये तो २५ टक्के झाला. अशा नोंदणीकृत उद्योगांना बयाणा रकमेतून सूट आहे. सर्वात कमी भाव मोठ्या उद्योगाचा असेल आणि आपला भाव त्याहून १५ टक्क्यांपर्यंत जास्त असेल, तर तोच कमी भाव मान्य करून मालाचा काही हिस्सा मिळविता येतो. या सवलती स्वतः माल तयार करणाऱ्यांसाठी आहेत, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्यांसाठी नाहीत. हातमाग विणकरांसाठी २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत वेगळी तरतूद झाली : केंद्रीय खात्यांच्या कापडखरेदीपैकी किमान २० टक्के कापड हातमागाचे असावे.

पैसे थकले तर २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा उपयोगी पडतो. माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपलीकडची मुदत करारात घातली तरी ती चालत नाही. थकलेल्या रकमेसाठी सूक्ष्म वा लघु उद्योगाला सुविधा परिषदेकडे जाता येते. विलंबाबद्दल चक्रवाढ व्याजाची तरतूद आहे; ज्यांना व्याज घ्यावयाचे नाही, त्यांनाही मुद्दल वसुलीसाठी हा मार्ग खुला आहे.

वकिलाकडे जाताना

पुढील कागद तारीखवार एका फाइलीत लावून न्यावेत : निविदा सूचना व तिच्या सर्व दुरुस्त्या, आपण भरलेली निविदा, बयाण्याची पावती, मंजूर नमुना, पुरवठा आदेश, डिलिव्हरी चलनावरील पोच, तपासणी अहवाल आणि सर्व पत्रव्यवहार. निविदा नाकारल्याचे कारण लेखी मागावे. मिळाले नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. सरकारवर दिवाणी दावा लावण्यापूर्वी साधारणपणे दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते आणि मालाच्या किमतीच्या दाव्याची मुदत तीन वर्षांची असते. निविदेलाच आव्हान द्यावयाचे असेल, तर महिने नव्हे, दिवस मोजावेत.

सरकारी खरेदीत कायदा लहान माणसाच्या बाजूने उभा राहू शकतो. पण आपल्या वकिलाला न्यायालयात तोंडी हकीकत पुरत नाही, कागद लागतो. तो कागद सांभाळणे हे आपल्याच दुकानातले काम आहे.