आधी मैदान, मग रस्ता

विद्यार्थी मित्रांनो व पालकहो,

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आपला एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. घरी नवी मोटरसायकल असूनही पायी आला. परवाना मिळून आठ दिवस झाले असतील, वळणावर वाळू होती, त्याने घाबरून पुढचा ब्रेक करकचून दाबला आणि गाडीसकट आडवा झाला. गुडघा महिन्याभरात बरा झाला, पण त्याने पुन्हा गाडीला हात लावला नाही. वडील म्हणत, "घाबरतोस काय, बिनधास्त चालव!" मित्र हसत. त्याने मला विचारले, "सर, माझ्यात हिंमतच नाही का?"

मी म्हणालो, "बेटा, हिंमत आहे. सराव झालेला नाही." मी स्वतः पस्तिशीपर्यंत सायकलवरच होतो. मोटरसायकल शिकताना भर चौराह्यात गाडी बंद पडली, की मागच्या हॉर्नने हातपाय गळत. त्यामुळे त्याची भीती मला ठाऊक होती. पुढचे चार रविवार आम्ही सकाळी शाळेच्या मैदानावर घालवले. तेच चार धडे येथे देत आहे.

पहिला धडा : ओळख. इंजिन बंद ठेवून गाडी हाताने ढकलावी, वळवावी, स्टँडवर लावावी व काढावी. गाडीचे वजन अंगवळणी पडते. मग सीटवर बसून, खाली न बघता क्लच, गिअर व दोन्ही ब्रेक शोधावेत. रस्त्यावर ते शोधायला वेळ नसतो.

दुसरा धडा : क्लच. पहिल्या गिअरमध्ये क्लच अगदी हळूहळू सोडावा. एका ठिकाणी तो पकड घेतो आणि गाडी सरकू लागते. ती जागा बोटांना कळेपर्यंत निघणे आणि थांबणे, एवढेच करावे. त्याने हे पन्नास वेळा केले. गाडी बंद पडली तर लाजू नये. क्लच दाबावा, न्यूट्रल करावे, पुन्हा सुरू करावी.

तिसरा धडा : ब्रेक. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येते, म्हणून थांबवण्याचे अधिक काम पुढचा ब्रेक करतो. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, क्रमाक्रमाने दाबावेत. आता थोडे गणित. ताशी 40 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर जाते. धोका दिसून ब्रेक लागेपर्यंत एक सेकंद गेला, तर तेवढे अंतर ब्रेकविनाच संपते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सुमारे चौपट होते. अकरावीच्या विद्यार्थ्यांनी हे सूत्राने पडताळून पाहावे.

चौथा धडा : वळण. वेग वळणाच्या आधी कमी करावा. नजर पुढच्या चाकावर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवावी. गाडी नजरेमागे जाते. गाडी कललेली असताना, विशेषतः वाळू, गिट्टी वा ओल्या रस्त्यावर, पुढचा ब्रेक झटक्याने दाबला की चाक निसटते. आमच्या विद्यार्थ्याचे नेमके हेच झाले होते. कारण कळले तेव्हा त्याची निम्मी भीती गेली.

यानंतर रस्ता. आधी रविवारी पहाटेची रिकामी गल्ली, मग दिवसाची रहदारी, नंतर रात्र आणि पाऊस. राजवाड्याची गर्दी आणि मागे बसणारा मित्र सर्वांत शेवटी. हेल्मेट मात्र पहिल्या दिवसापासून, आयएसआय चिन्हाचे आणि पट्टा लावलेले.

पालकांना एक कळकळीची विनंती. गिअरच्या मोटरसायकलसाठी वय 18 पूर्ण हवे. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि पक्क्या परवान्याची परीक्षा 30 दिवसांनंतर देता येते. ते दिवस सरावासाठीच आहेत. अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर 2019 च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास वा मालकास 25,000 रुपये दंड व तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि मुलास 25 वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. तरीही नववी-दहावीची मुले गाडीवरून ट्यूशनला जाताना मला दिसतात. किल्ली त्यांना आपणच दिलेली असते.

परवा तो विद्यार्थी पुन्हा आला, या वेळी गाडीवर. म्हणाला, "सर, त्याच वळणावरून आलो. वाळू दिसली आणि मी आधीच गाडी हळू केली." मला वाटते, आत्मविश्वास म्हणतात तो हाच. पालकहो, मुलाच्या हातात किल्ली देण्यापूर्वी त्याला आपले चार रविवार द्या.

आपला,
प्राचार्य