सायकलचे पेडल कसे निवडावे

सायकल पाहिली नाही असा माणूस सफाळ्यात मिळायचा नाही. पहाटे स्टेशनकडे निघालेला कामगार सायकलवर असतो. वाडीतली भाजी गाडीपर्यंत पोचवणारा सायकलवर असतो. विरारच्या पुढे डहाणूपर्यंत लोकल २०१३ साली सुरू झाली, तेव्हापासून स्टेशनची ये-जा आणखी वाढली. घरापासून गाडीपर्यंतचा रस्ता मात्र पायांनीच काटायचा असतो, नाहीतर पेडल मारून.

सायकल घेताना आपण काय बघतो? रंग बघतो, घंटी वाजवून बघतो, टायर दाबून बघतो. पेडलकडे कोणी बघत नाही. आणि सारे अंग तर त्याच्यावर तोलायचे असते! चढावर आपण सीटवरून उठतो, तेव्हा सगळे वजन एका पेडलवर येते. त्याच वेळी पाय सटकला तर नडगी फुटते, नाहीतर माणूस मागून येणाऱ्या गाडीपुढे पडतो. म्हणून हा धडा.

जुन्या काळ्या सायकलींना रबराचे पेडल असते. लोखंडी चौकटीत रबराचे दोन ठोकळे बसवलेले. आम्हाला विचाराल तर रोजच्या कामाला हेच बरे. चप्पल असो, अनवाणी पाय असो, ते टोचत नाही. त्यावर आडव्या खाचा असतात, त्या पाय धरून ठेवतात. पण वापरून वापरून खाचा झिजतात आणि रबर गुळगुळीत होते. मग पावसाळ्यात त्यावर ओली चप्पल साबणासारखी घसरते. खाचेत नख अडकत नाही असे झाले, की रबर बदला. सारे पेडल बदलायची गरज नसते. नुसते ठोकळे मिळत असतील तर तेच घाला.

दुसरे पेडल लोखंडी पट्टीचे, कडेला दाते असलेले. बूट घालणाऱ्याला ते चांगले. कारखान्यात जाड तळाचे बूट घालून जाणाऱ्या माणसाचा पाय त्यावर हलत नाही. पण पातळ चप्पल ते महिन्यात कुरतडून टाकते, आणि अनवाणी पायाला तर फारच वाईट. तिसरे प्लॅस्टिकचे. हलके, स्वस्त, गंज चढत नाही. एडवण-दातिवऱ्याकडे खारा वारा असतो, तिथे हा गुण मोठाच. मात्र सायकल आपटली की त्याची कड तुटते, आणि तुटलेली कड पायाला कापते. घेताना दोन्ही हातांनी पिळून बघा. करकरले, वाकले, तर ठेवून द्या.

शहरात शर्यतीच्या सायकलींना एक निराळे पेडल दिसते. त्यात खास बुटाचा तळ अडकून बसतो आणि टाच बाहेर वळवली की सुटतो. लांबच्या दौडीला ते सोयीचे असेल. बाजारात दर दहा पावलांवर थांबायचे, पाय टेकायचा, त्या आपल्यासारख्यांना ते काय कामाचे?

पेडलची रुंदीही बघावी. पायाचा चवडा त्यावर पुरा बसला पाहिजे. जोर चवड्याने द्यायचा, टाचेने नव्हे. पेडल फार अरुंद असले की संध्याकाळी तळवा दुखतो. फार रुंद असले की वळणावर जमिनीला घासते. वळताना आतल्या बाजूचे पेडल वर ठेवायची सवय म्हणूनच हवी.

आता खरी गोम. डावे आणि उजवे पेडल वेगळे असते. उजव्याचे आटे नेहमीसारखे, डाव्याचे उलटे. हे कशासाठी? पेडल मारताना पायाचा भार आसाभोवती फिरत राहतो. त्या भाराने आस आट्यात हळूहळू सरकतो. डाव्या बाजूला साधे आटे असते, तर पेडल चालता चालता सैल होऊन गळून पडले असते.

हे ठाऊक नसलेला माणूस डावे पेडल उजवीकडे बसवायला जातो. बसत नाही म्हणून पान्याला लटकतो. दोन फेऱ्या बसतातही! पण तेवढ्यात क्रँकचे आटे कापले जातात. मग शे-दोनशेच्या पेडलपायी क्रँकही बदलावी लागते. कधी पेडल कसेबसे टिकते आणि तांदुळवाडीच्या घाटात भाजीचे ओझे असताना निसटते.

पेडलच्या आसावर इंग्रजी अक्षर कोरलेले असते. उभी रेघ आणि तिच्या तळाशी उजवीकडे आडवी रेघ, हे 'एल'. ते डावे पेडल. दुसरे अक्षर 'आर', त्याला वर गोल पोट आणि खाली तिरका पाय असतो. ते उजवे. डावे-उजवे सायकलवर बसलेल्या माणसाचे धरायचे. अक्षर गंजाने पुसले असेल तर आस वर करून पेडल डोळ्यांसमोर धरा. आट्यांच्या रेघा उजवीकडे चढत असतील तर ते उजवे, डावीकडे चढत असतील तर डावे.

बसवताना आधी ग्रीस लावा आणि दोन-तीन फेऱ्या नुसत्या बोटांनी फिरवा. बोटांनी फिरत नसेल तर काहीतरी चुकते आहे, पाना लावूच नका. मग पाना आसावर उभा धरून त्याचा दांडा पुढच्या चाकाकडे ओढा. दोन्ही बाजूंना हेच. पुढे ओढले की घट्ट, मागे ओढले की सैल. बऱ्याच पेडलांना १५ नंबरचा पाना लागतो.

मोठ्यांच्या बहुतेक सायकलींचे आटे एकाच मापाचे असतात, ९/१६ इंच. ॲटलास कंपनीचा साहिबाबादचा कारखाना २०२० साली ३ जूनला बंद पडला. गंमत अशी, की तो नेमका जागतिक सायकल दिन होता. तरी घरातल्या जुन्या ॲटलासला दुसऱ्या कंपनीचे पेडल चालते, ते मापामुळे. लहान मुलांच्या काही सायकलींचे माप अर्ध्या इंचाचे असते, म्हणून जुने पेडल दुकानात बरोबर न्यावे.

रात्रपाळीवाल्यांनी पेडलला पुढे-मागे पिवळी चमकती काच बघून घ्यावी. पाय वरखाली होतात तशी ती वरखाली चमकते, आणि ट्रकवाल्याला लांबूनच कळते की पुढे सायकल आहे.

पाऊस संपला की एकदा पेडल हाताने फिरवा. करकर आवाज आला तर आत पाणी जाऊन छर्रे गंजले आहेत. पेडल धरून हलवा. खडखडले तर आतला कोन सैल आहे. मिस्त्रीकडून उघडून, पुसून, नवे ग्रीस भरून घ्या. छर्रे पुरे अडकले तर पेडल आसाभोवती फिरत नाही, आसालाच पिळते. मग उलटे आटे असूनही ते सुटून येते.